गाळ वरून येतो की खालून? तापीमुखाजवळच्या खारदलदलीवरील एका लघुप्रबंधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागातले आहे. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी समुद्रकाठच्या खारदलदलीचा विषय मागितला, तेव्हा विभागात थोडे आश्चर्यच व्यक्त झाले. खान्देशाला समुद्र नाही, आणि विभागातील बहुतेक काम केळीचे क्षेत्र, भूजल आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या जमिनी यांभोवतीच फिरत आले आहे. संबंधितांची आणि क्षेत्रस्थळाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. ते स्थळ तापीच्या मुखाजवळ, सुरतेच्या खालच्या अंगाला आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

विषयामागचे कारण मात्र अस्सल खान्देशी होते. विद्यार्थिनीचे गाव तापीकाठचे. पुरानंतर शेतात बसणारा गाळ आणि धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ही तिच्या घरच्या बोलण्यातली गोष्ट होती. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या तापीला खान्देशात पूर्णा, वाघूर, गिरणा, अनेर, बोरी, पांझरा अशा नद्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच नद्या बेसाल्टच्या काळ्या जमिनी धुऊन येतात. वाटेत हतनूर धरण आहे, पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज आहेत, आणि गुजरातेत शिरताच १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. तापीच्या सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यापैकी बहुतेक सगळा भाग उकाईच्या वरच्या अंगाला येतो. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेची चर्चा घरोघरी झाल्यामुळे धरणात गाळ अडतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्यावरून विद्यार्थिनीने पुढचा तर्क केला: गाळ उकाईत अडत असेल, तर मुखाजवळच्या खारदलदलीला तो पोहोचत नसणार, आणि ती दलदल हळूहळू उपाशी पडत असणार.

प्रस्तावित शीर्षक याच तर्कावर बेतलेले होते: उकाई धरणाचा तापीमुखाजवळील खारदलदलीच्या गाळभरणीवर झालेला परिणाम. मार्गदर्शकांनी ते मान्य केले. त्यांचा स्वतःचा अभ्यास भूमी-उपयोजनाचा होता, किनाऱ्याचे काम त्यांनी कधी केले नव्हते, आणि तसे त्यांनी विद्यार्थिनीला पहिल्याच बैठकीत सांगितलेही होते.

अडचण कशी लक्षात आली

खारदलदल म्हणजे भरतीच्या पाण्याने अधूनमधून बुडणारी, खारे पाणी सोसणाऱ्या वनस्पतींनी झाकलेली चिखलाची सपाट जमीन. समुद्राच्या बाजूला उघडा चिखलपट्टा असतो आणि तो रोज दोनदा बुडतो. दलदलीचा माथा त्याहून उंच असल्यामुळे साध्या भरतीचे पाणी तिथे पोहोचतेच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र छोट्या नाळांतून, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या अरुंद वाटांतून, पाणी आत शिरते, नाळेचे काठ ओलांडते आणि सगळीकडे पसरते. येथील स्थळावर बाहेरच्या कडेला तिवरांची विरळ रांग होती आणि आत जाड, मांसल पानांची सुएडाची झुडपे होती.

पहिली भेट हिवाळ्यात, पौर्णिमेनंतर लगेच झाली. खान्देशातील अनेक घरांप्रमाणे विद्यार्थिनीचेही नातेवाईक सुरतेतल्या उधन्याला राहत असल्याने मुक्कामाचा प्रश्न नव्हता. त्या काळात नदीला जवळजवळ ओघ नव्हता. शिवाय सुरतेतील सिंगणपोरच्या बंधाऱ्यामुळे वरचे गोडे पाणी आणि खालचे भरतीचे पाणी एकमेकांपासून तुटल्यासारखेच असते. तरीही नाळेतून आत येणारे पाणी इतके गढूळ होते की बाटलीत धरल्यावर पलीकडचे बोट दिसत नव्हते. तिने एक बाटली पाणी चढत असताना भरली आणि दुसरी त्याच नाळेत पाणी उतरत असताना भरली. दोन्ही बाटल्या रात्रभर मामांच्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. सकाळी पहिल्या बाटलीच्या तळाशी बसलेला थर दुसरीतल्या थरापेक्षा उघडपणे जाड होता.

दोन बाटल्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मार्गदर्शकांनी लगेच बजावले आणि ते बरोबरच होते. पण त्या बाटल्यांनी एक प्रश्न मात्र उभा केला. नदी जवळजवळ कोरडी असताना समुद्राकडून आलेले पाणी गाळ घेऊन आत शिरत होते आणि त्यातला काही आत टाकून परत जात होते. असे असेल, तर दलदलीला गाळ पुरवणारा हात वरचा नसून खालचा आहे, आणि मग शीर्षकातला 'परिणाम' हा शब्द आधीच निष्कर्ष गृहीत धरतो.

या टप्प्यावर विभागाने भूशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावले. त्यांनी तासाभरात जे समजावले त्याचा सारांश येथे देणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

खंबातच्या आखातात साबरमती, मही, नर्मदा आणि तापी यांनी युगानुयुगे आणलेला गाळ साठलेला आहे. आखात उत्तरेकडे निमुळते होत गेल्याने भरतीची उंची वाढत जाते. भावनगरजवळ उधाणात ती १० मीटरांच्या पुढे जाते. तापीमुखाशी ती इतकी नसली, तरी खान्देशातल्या माणसाला थक्क करील एवढी नक्की असते. एवढे पाणी सहा-सव्वासहा तासांत आत-बाहेर करायचे म्हणजे प्रवाह जोरकस असणार, आणि तो तळाचा चिखल सतत ढवळणार. उथळ खाड्यांत बहुधा असेही होते की भरती कमी वेळात आणि वेगाने चढते, तर ओहोटी रेंगाळत उतरते. परिणामी आत येणारा प्रवाह जितका गाळ उचलतो तितका परतीचा प्रवाह उचलू शकत नाही. शिवाय आत येताना प्रवाह मंदावला तरी कण लगेच तळाशी पोहोचत नाही. पडता पडता तो आणखी थोडा आत सरकतो. आणि एकदा बसलेला चिखल पुन्हा उचलायला, तो तरंगत ठेवण्यापेक्षा जास्त वेगाचा प्रवाह लागतो. वान स्ट्राटेन आणि पोस्त्मा या डच अभ्यासकांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वॅडन समुद्रावर हीच यंत्रणा मांडली होती. दर भरतीला कण थोडा आत सरकतो आणि तितका परत जात नाही.

एक शंका विद्यार्थिनीने स्वतः काढली आणि ती चांगली होती. इतका बारीक गाळ तासा-दीड तासात तळाशी बसतोच कसा? २ मायक्रॉनचा एकटा मातीचा कण स्थिर पाण्यात तासाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली जातो. दलदलीवर अर्धा मीटर पाणी तासभर उभे राहिले, तरी असा कण परतीच्या पाण्याबरोबर निघून जायला हवा. उत्तर खारटपणात आहे. गोड्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातील क्षार हे अपकर्षण दाबून टाकतात, आणि दूध फाटताना जशा गाठी सुट्या होतात तसे कण पुंजक्यांत गोळा होतात. असे पुंजके सेकंदाला मिलिमीटरच्या दशांशापासून एक मिलिमीटरपर्यंत वेगाने खाली येतात, म्हणजे तासाला साधारण ३६ सेंटिमीटर ते साडेतीन मीटर. झुडपांचे देठ प्रवाह रोखतात आणि पाण्यातली खळबळ कमी करतात. पुंजक्यांना तेवढी उसंत पुरते.

विचारात घेतलेले पर्याय

मूळ शीर्षक सोडायचे की नाही, हा पहिला खरा निर्णय होता, आणि तो सहजासहजी झाला नाही. विद्यार्थिनीचा जीव धरणाच्या प्रश्नात होता. तिला धरणाबद्दलच काही सांगायचे होते, भरतीबद्दल नव्हे.

पहिला पर्याय उपग्रह-चित्रांचा होता. खर्च नाही, प्रवास नाही, आणि धरणाआधीची व नंतरची तुलना करता येईल अशी आशा. आशा लगेच मावळली. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला, आणि उकाईही १९७२ चेच. धरणाआधीचा कालखंड या चित्रांत जवळजवळ नाहीच. शिवाय त्या सुरुवातीच्या चित्रांचा एक ठिपका सुमारे ८० मीटरांचा होता. अशा चित्रांवरून दलदलीची कड मागे सरली की पुढे आली याचा ढोबळ अंदाज येईल, पण तिच्या माथ्यावर किती गाळ बसला हे कळणार नाही.

दुसरा पर्याय गाळाची 'जात' ओळखण्याचा होता. बेसाल्ट झिजून तयार होणाऱ्या काळ्या मातीत स्मेक्टाइट हे मृद्खनिज भरपूर असते, तर सिंधूकडून अरबी समुद्रात येणाऱ्या गाळात इलाइटचे प्रमाण लक्षणीय असते. दलदलीच्या गाळात स्मेक्टाइट सापडले, तर तो खान्देशचा, असे विद्यार्थिनीने मांडले. निवृत्त प्राध्यापकांनी एका वाक्यात हरकत घेतली: नर्मदाही दख्खनच्या बेसाल्टवरून येते. स्मेक्टाइट सापडल्याने तो गाळ दख्खनचा आहे एवढेच ठरेल, तापीचा की नर्मदेचा हे ठरणार नाही, आणि तो यंदाच्या पुराचा की शंभर वर्षांपूर्वीच्या, हे तर मुळीच नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा हस्तक्षेप हा होता. तो नसता तर खनिजे ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाच्या चाचण्यांवर पैसे खर्च झाले असते आणि हाती आलेले उत्तर पाहिजे तसे वाचले गेले असते.

तिसरा पर्याय दलदलीत नळी खोलवर घालून गाळाचा गाभा काढण्याचा आणि त्याचे वय ठरवण्याचा. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शतकभरातील थरांचा वेग त्यावरून काढता येतो, आणि १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचलेल्या अणुचाचण्यांच्या सीझियम-१३७ ची खूणही कधीकधी सापडते. धरणाआधी आणि नंतर गाळभरणीचा वेग बदलला का, या मूळ प्रश्नाला खरे उत्तर देणारा हाच एक मार्ग होता. पण त्यासाठी लागणारे उपकरण महाविद्यालयात नव्हते, बाहेरच्या प्रयोगशाळेचा खर्च आणि प्रतीक्षा लघुप्रबंधाच्या मुदतीत बसत नव्हती. तो बाजूला ठेवला गेला.

उरला चौथा पर्याय: धरणाचा प्रश्न सोडून द्यायचा, आणि आज या दलदलीवर गाळ कोण आणतो, भरती की लाटा की नदी, एवढेच मोजायचे. शीर्षक बदलण्यासाठी विभागाच्या समितीकडे पुन्हा अर्ज करावा लागला. समितीतील एका सदस्यांनी 'यात खान्देशचा संबंध काय उरला?' असा प्रश्न विचारला. त्याला त्या वेळी कोणाकडेच धड उत्तर नव्हते.

काम कसे आखले

तीन कारणे एकमेकांत मिसळलेली असताना ती वेगळी कशी करायची, ही या आखणीतली मुख्य गाठ होती. पावसाळ्यात नैऋत्येच्या लाटा, नदीचा पूर आणि उधाण तिन्ही एकाच वेळी असतात. तेव्हा मोजलेला गाळ कोणाच्या खात्यावर टाकणार? गाठ सोडवली ती ऋतूंच्या आधारे. हिवाळ्यातील शांत उधाण म्हणजे फक्त भरती. मेचा उत्तरार्ध म्हणजे भरती आणि लाटा, पण नदी अजून आटलेली. ऑगस्टमध्ये उकाईचे दरवाजे उघडले की तिन्ही एकत्र. दुसऱ्यातून पहिले वजा केले की लाटांचा वाटा दिसेल आणि तिसऱ्यातून दुसरे वजा केले की नदीचा. कागदावर ही आखणी देखणी होती आणि तिचे श्रेय विद्यार्थिनीचेच आहे.

प्रत्यक्षात पहिले भांडण पंचांगाशी झाले. विभागाने क्षेत्रभेटी रविवार आणि सुट्ट्या पाहून ठरवल्या होत्या, आणि त्यांतल्या काही नेमक्या भांगाच्या दिवसांत येत होत्या. अष्टमीच्या सुमारास भरती इतकी कमी चढते की दलदलीच्या माथ्यावर पाणी येतच नाही. तिथे गाळ मोजायला जाणे म्हणजे पावसाशिवाय पर्जन्यमापक वाचणे. भेटी मग अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांवर हलवल्या गेल्या. वेळ काढण्यासाठी कोकणातला 'तिथीची पाऊणपट' हा ठोकताळा वापरण्याची सूचना कोणीतरी केली. चतुर्थीला तीन वाजता भरती, असा तो हिशोब. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो, पण भरतीची लाट आखातात उत्तरेकडे सरकायला वेळ घेते, त्यामुळे सुरतेकडे पूर्ण भरती मुंबईनंतर येते. एकदा तासन्तास चिखलात ताटकळल्यावर मंडळींनी स्थानिक बंदराचे भरतीचे कोष्टक वापरायला सुरुवात केली. मच्छीमार मात्र तिथी सांगूनच वेळ सांगत होते, आणि त्यांची वेळ बरोबर असे, कारण त्यांचा गुणाकार त्यांच्याच किनाऱ्यावर बसवलेला होता.

मापनाच्या दोन रीती ठरल्या. एक अल्पकालीन: दलदलीवर सपाट फरशीचे तुकडे बसवून त्यांवर आधी वजन केलेले गाळणकागद ताणायचे, एक भरती जाऊ द्यायची आणि कागद उचलायचे. दुसरी दीर्घकालीन: जमिनीवर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरायचा आणि काही महिन्यांनी छोटा गाभा कापून त्या पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते मोजपट्टीने वाचायचे. फेल्डस्पार टाइल्सच्या धंद्यात वापरले जात असल्याने गुजरातेत मिळायला अडचण नव्हती, तरी खर्च वाचवण्यासाठी रांगोळी वापरावी असा प्रस्ताव आला. तो थट्टेवारी नेण्याऐवजी प्रयोगशाळेतील ट्रेमध्ये तपासला गेला, हे मला आवडले. रांगोळीचा रवा भरड निघाला; ती ओली झाल्यावर एकसंध थर धरत नव्हती आणि पाणी हलवताच पसरत होती. फेल्डस्पार ओले होताच घट्ट बसले.

चढत्या पाण्याचा नमुना घेण्यासाठी काठीवर वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधल्या. बाटलीच्या बुचातून सलाइनच्या दोन नळ्या, एक पाणी आत यायला आणि एक हवा बाहेर जायला. पाणी ठराविक उंचीवर येताच बाटली आपोआप भरते आणि मग बंद पडते, त्यामुळे पाण्यात उभे राहावे लागत नाही. उतरत्या पाण्याचे नमुने मात्र हातानेच घ्यावे लागले.

प्रयोगशाळेत पहिल्या तुकडीची वजने अविश्वसनीय आली. शांत दिवसाचे आणि वाऱ्याच्या दिवसाचे कागद जवळजवळ सारखेच भरत होते. कारण मीठ. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे कागदात २ मिलिलिटर पाणी उरले आणि तसेच सुकवले, तरी ७० मिलिग्रॅमच्या आसपास मीठ मागे राहते. बारीक गाळाचे वजनही याच घरात असल्यावर मीठ आणि गाळ यांत फरक कसा कळणार? प्रयोगशाळा-सहायकांनी कागदाला जीभ लावून निदान केले, ही पद्धत कोणत्याही पुस्तकात नाही. पुढे प्रत्येक कागद ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन १०५ अंश सेल्सिअसला सुकवण्याचा नियम झाला आणि पहिली तुकडी रद्द केली गेली. ती दुरुस्त करून वापरावी असा आग्रह झाला होता. मार्गदर्शकांनी तो मानला नाही.

मे महिना: लाटा आणि कड

हिवाळ्यातील शांत उधाणांचे चित्र यंत्रणेला धरून होते. नाळेच्या काठावर जास्त गाळ, आत जाल तसा कमी; सखल जागी जास्त, उंचवट्यावर कमी. सखल जागा जास्त वेळ पाण्याखाली राहते म्हणून तिला जास्त मिळते. जसजशी ती उंच होते तसतसा पाण्याचा मुक्काम घटतो आणि भरणीही मंदावते. दलदल स्वतःच स्वतःचा वेग आवरते, असे निवृत्त प्राध्यापक म्हणत.

मेमध्ये चित्र बदलले. दिवसाची उधाणाची भरती दुपारी येत होती आणि पश्चिमेचा वाराही दुपारीच जोर धरत होता. आखातातल्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात. ३ सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १४ मीटर असते, आणि लांबीच्या निम्म्याहून कमी खोलीत, म्हणजे ७ मीटरांच्या आत, लाट तळाला जाणवू लागते. चिखलपट्ट्यावर एक-दोन मीटरच पाणी असताना लाटेखालचे पुढे-मागे होणारे पाणी तळ अक्षरशः खरवडते. लाटा स्वतः गाळ फारसा वाहून नेत नाहीत. त्या तो उचलून देतात आणि वाहण्याचे काम भरतीचा प्रवाह करतो. आतल्या फरशांवरचे कागद हिवाळ्यापेक्षा स्पष्टपणे जड आले, आणि धुतलेले असल्याने हा फरक गाळाचाच होता.

पण समुद्राकडच्या कडेवरच्या फरशा नव्हत्याच. एक चिखलात उलटी पडलेली मिळाली, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही, आणि जिथे त्या बसवल्या होत्या तिथे आता गुडघाभर उंचीचा उभा कडा होता. कड्याच्या तोंडातून सुएडाची मुळे बाहेर लोंबत होती आणि खाली मातीची ढेकळे पडलेली होती.

येथे दुसरा मोठा निर्णय आला. विद्यार्थिनीने कोष्टकात त्या जागांपुढे 'नमुना उपलब्ध नाही' असे लिहिले आणि सरासरी उरलेल्या फरशांवरून काढली. सरासरी भरणी छान वाढलेली दिसत होती. मार्गदर्शकांनी प्रथम यावर हरकत घेतली नाही. प्रश्न विचारला तो मसुदा वाचणाऱ्या दुसऱ्याच एका शिक्षकाने: हरवलेल्या फरशा कुठे हरवल्या? चोरीला गेल्या असत्या तर रिकामी जागा योग्य होती. पण त्या जमिनीसकट गेल्या होत्या. ज्या लाटांनी आतल्या माथ्यावर गाळ चढवला, त्यांनीच कड खाल्ली होती, आणि आत बसलेल्या गाळात त्या खाल्लेल्या कडेचाही वाटा असणे शक्य होते. म्हणजे दलदल एकीकडे उंच होत होती आणि दुसरीकडे अरुंद. फक्त उंचीची सरासरी देणे ही चूक नव्हती, पण अर्धा हिशोब होता. कोष्टक बदलले गेले. कडेच्या जागांपुढे 'झीज' असे लिहिले गेले आणि सरासरी काढून टाकून प्रत्येक जागेचा आकडा स्वतंत्र दिला गेला.

ऑगस्ट: न झालेली भेट

आखणीतली तिसरी, ऑगस्टची वेळ रिकामी राहिली. उकाईतून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा विद्यार्थिनी निघायला तयार होती, कारण नदीचा वाटा मोजण्याची तीच संधी होती. मार्गदर्शकांनी परवानगी नाकारली. ऑगस्ट २००६ च्या पुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेल्याची आठवण खान्देशातही ताजी आहे. त्या वेळी अनेक घरांतली माणसे तिथे अडकली होती. विसर्ग आणि उधाण एकत्र आले की मुखाजवळचे पाणी कसे वागेल हे सांगता येत नाही, आणि नाळांच्या जाळ्यात परतीची वाट बुडायला फार वेळ लागत नाही. निवृत्त प्राध्यापकांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते बाटल्या आधी बांधून ठेवून पूर ओसरल्यावर आणता आल्या असत्या. मला दोघांचेही पटते: जाऊ न देणे योग्य होते, पण बाटल्या जुलैतच बांधल्या असत्या तर जाण्याचा प्रश्नच आला नसता. फेल्डस्पारच्या थरांनी पावसाळ्याचा एकत्रित गाळ नोंदवला, पण त्यात लाटांचा वाटा किती आणि नदीचा किती हे वेगळे करता आले नाही.

फलित

लघुप्रबंध मुदतीत सादर झाला. त्यात दावा मर्यादित होता: या स्थळावर, कोरड्या ऋतूत, नदीचा ओघ नसतानाही दलदलीवर गाळ बसतो, तो भरतीच्या पाण्याबरोबर समुद्राच्या बाजूने येतो, वाऱ्याच्या दिवसांत लाटांमुळे तो वाढतो, आणि त्याच दिवसांत कड झिजते. धरणाबद्दल एकच परिच्छेद होता. त्यात म्हटले होते की आजची भरणी भरतीकडून होत असल्याने उकाईमुळे ती थांबली असे म्हणता येत नाही, पण धरणाचा परिणाम नाही असेही यावरून ठरत नाही. भरती-लाटा गाळाची फक्त फेरवाटणी करतात, आणि आखाताच्या तळाच्या साठ्यात नवी भर कमी झाली तर त्याचा परिणाम दिसायला किती काळ लागेल हे एका वर्षाच्या मापनातून कळत नाही.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी समितीतलाच जुना प्रश्न विचारला, की मग यात खान्देश कुठे? विद्यार्थिनीचे उत्तर असे होते की आखाताच्या तळाशी धरणापूर्वीच्या अनेक शतकांतली तापीची काळी माती पडून आहे आणि भरती तीच उचलून आणत असू शकते. पण नर्मदेच्या मातीपासून ती वेगळी ओळखता येत नसल्याने हे विधान तिने प्रबंधात केलेले नाही. परीक्षकांनी पुढचा प्रश्न मीठ धुण्याच्या रीतीबद्दल विचारला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग पडलेली उणीव म्हणजे फरशांची परस्पर उंची सुरुवातीला मोजलेली नव्हती. दलदलीवर १० सेंटिमीटरांचा फरकही पाण्याच्या मुक्कामात मोठा फरक घडवतो. शेजारच्या तंत्रनिकेतनातून लेव्हल यंत्र मागून ही मोजणी शेवटी झाली, पण तोवर कडेच्या जागा गेल्या होत्या आणि त्यांची उंची कायमची अज्ञात राहिली. हे काम पहिल्या भेटीत अर्ध्या दिवसाचे होते.

कडेची झीज मोजण्यासाठी कडेपासून आत ठराविक अंतरांवर लोखंडी सळया ठोकणे ही साधी गोष्ट आखणीत नव्हती, कारण आखणी करताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गाळ बसण्याची क्रिया होती, जाण्याची नव्हती. नदीकाठच्या माणसांकडून हे व्हावे याचे नवल वाटते. तापीकाठी दरडी कोसळून शेत जाताना सगळ्यांनीच पाहिलेले आहे.

किनाऱ्याचे काम केलेल्या दुसऱ्या विभागाशी सहमार्गदर्शनाची व्यवस्था शीर्षक ठरण्यापूर्वी व्हायला हवी होती, नंतर नव्हे. मार्गदर्शकांनी आपली मर्यादा सांगितली होती, पण ती सांगितल्यानंतर काय करायचे याची विभागात रीत नव्हती. आता विषय मान्य करण्याच्या अर्जात बाहेरच्या एका तज्ज्ञाचे टिपण जोडणे सक्तीचे केले आहे.

शिसे-२१० चा पर्याय मात्र सोडायला नको होता, असे माझे मत आहे. निदान एक गाभा काढून, कोरडा करून, कपाटात ठेवता आला असता. प्रयोगशाळा पुढे कधीही मिळाली असती, पण खचलेली कड परत मिळणार नाही. पुढच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने हेच काम हाती घेतले आहे. सळया ठोकून झाल्या आहेत, बाटल्या जूनअखेर बांधायच्या ठरल्या आहेत, आणि भेटींच्या तारखा भरतीच्या कोष्टकावरून काढल्या आहेत. त्यांतल्या दोन तारखा विद्यापीठाच्या परीक्षेवर येतात. हा पेच अजून सुटलेला नाही.